उत्तरेचं फूल

“थुका मामा, इषारी असंल ते!”

“म्हणून तर लवकर थुकायचं,” दुसरा आवाज शांतपणे म्हणाला.

प्रयोगशाळेच्या दाराशी आमच्या विभागाचा शिपाई आणि मामा उभे होते. मामा म्हणजे वनस्पतिशास्त्राचे प्रयोगशाळा परिचर. झाड ओळखायची त्यांची रीत एकच. पानाचा तुकडा दाढेखाली धरायचा, डोळे मिटायचे आणि मग नाव सांगायचं. नाव सहसा चुकत नसे.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत बाबांची बदली झाली आणि नागपूरच्या इंग्रजी शाळेतून मी इथल्या कॉलेजात आले. घरी मराठीच होती, पण चारचौघांत दोन वाक्यं बोलायची म्हटली की मी अडखळून इंग्रजीत शिरायचे. मामांना त्याचं काही वाटत नसे. त्यांच्या स्वतःच्या दोन इयत्ता निजामाच्या राज्यात, उर्दू शाळेत झालेल्या. “तुमची इंग्रजी, माझी उर्दू. मराठी आपुन दोघंबी नुसती ऐकूनच शिकलो,” असं म्हणून ते मला चहा द्यायचे.

दुष्काळ होता. नमुने आणायला रानात जावं तर हाती काड्याच लागत. आणलेली झाडं वर्तमानपत्रांत दाबून वाळवणं हे मामांचं काम. “औंदा दाबायचं कामच न्हाई. देवानंच वाळवून ठिवलंय,” ते म्हणायचे, आणि हसायचे नाहीत.

आमचे सर नव्या जिल्ह्यातल्या वनस्पतींची यादी तयार करत होते. एक दिवस मामांनी घरून एक पिवळं पडलेलं वर्तमानपत्र आणलं. आत वाळलेलं फूल होतं. पांढरं, चांदणीसारखं, पाकळ्यांच्या बुडाशी जांभळा ठिपका. पान एकही नाही, खाली बोराएवढा कांदा. सर भिंगातून बराच वेळ बघत राहिले. या जातीची फुलं हिमालयाच्या पायथ्याशी होतात, आपल्याकडे कोणी नोंदवलेली नाहीत, म्हणाले.

“सर, जिल्हा नवा झालाय. त्याच्या यादीत एवढं माझं फूल बसू द्या,” मामा म्हणाले. त्यांना कुणाकडे काही मागताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

अक्षर बरं म्हणून लेबलं मी लिहायचे, इंग्रजीत. कुठं सापडलं, मी विचारलं. “चाकूरच्या माळावर. उत्तरेचं हाय ते. उत्तरेलाच येतं.” मी लिहिलं, माळाची उत्तरेकडची उतरण.

जुलैत पुण्याहून एक तज्ज्ञ पडताळणीला आले. सरांना प्रवेशांचं काम होतं, म्हणून जीपमध्ये त्यांच्याबरोबर मामा आणि मी. तज्ज्ञ उत्तरेच्या उतरणीवर दोन तास फिरले. मुरूम आणि वाळलेलं कुसळ, दुसरं काही नाही. मामा मागून सांगत होते, “सायेब, हितं न्हाई, वरल्या सपाटीला. आन् आत्ता न्हाई. उत्तरा नक्षत्र लागू द्या, सप्टेंबरात. उत्तरेचा पाऊस पडला की चार दिवसांत वर येतंय.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेतकरी पाऊस नक्षत्रांनी मोजतात; मृग, आर्द्रा, उत्तरा. मी दिशा लिहून बसले होते.

तज्ज्ञांनी कागद पुढे केला. “तुमच्याच लेबलवर उत्तरेची उतरण लिहिलंय. आता जागा बदलता, आणि वर सप्टेंबरात या म्हणता?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून चपलेतला खडा काढत राहिले.

“माझ्याच सांगण्यात चूक झाली असंल, सायेब,” मामा म्हणाले. “उमर झाली आता.”

नमुना दुसरीकडून आणलेला दिसतो, असा शेरा पडला. यादीतून फूल गेलं. मामा स्टाफरूममध्ये चहा घेऊन गेले की कुणीतरी विचारायचं, “काय मामा, आज हिमालयातून काय आणलं?” मामा हसत. मला एका शब्दानं कधी बोलले नाहीत. एकदा मीच धीर करून म्हणाले, “मामा, ते लेबल...”

“ताई, ट्रे धुवायचे ऱ्हायलेत,” म्हणून ते नळाकडे गेले. नळाला पाणी नव्हतं.

सप्टेंबरात आम्ही दोघं एसटीनं चाकूरला गेलो. उत्तरा कोरडी चालली होती. मामा सपाटीवर एका जागी बसले आणि त्यांनी मातीवर तळहात टेकला. “हितं हाय. निजलंय खाली.” मी म्हणाले, खणून कांदा तरी सरांना दाखवू. त्यांनी मान हलवली. “एवढ्या दुस्काळात जीव धरून हाय ते. आपल्या खरेपणासाठी त्याला कशाला मारायचं? पुढल्या उत्तरेला दावू.”

पुढची उत्तरा त्यांना मिळाली नाही. उन्हाळ्यात कावीळ झाली आणि आठवड्यात गेले.

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर शोकसभा झाली. सर प्रेमानंच बोलले. शेवटी म्हणाले, “मामांची ती फुलाची थाप मात्र आपण कोणी विसरणार नाही.” सगळे डोळे पुसत हसले. पहिल्या ओळीत मामी बसल्या होत्या. पदर तोंडाशी धरून त्या एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, लोक कशाला हसले ते त्यांना कळत नव्हतं.

मी उभी राहिले. समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

“सर, ती थाप नव्हती. मामा उत्तरा नक्षत्र म्हणाले होते, मी उत्तर दिशा लिहिली. माळावर त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली आणि मी गप्प बसले. यादी अजून छापायची आहे. त्यात ते फूल घ्या, मामांच्या नावानं.”