दहातले आठ

रेवणअण्णांना प्रश्न पडला की ते आधी माझ्या स्कूटरची किल्ली काढून घ्यायचे. सकाळी मला कॉलेजच्या पहिल्या तासाची घाई, आणि समोरच्या घरातले हे सत्तरीचे गृहस्थ बनियनवर पंचा टाकून माझ्या फाटकात उभे. "सर, एक मिनिट." ते एक मिनिट सोळा वर्षांत एकदाही साठ सेकंदांचं निघालं नाही.

अण्णांनी सोलापुरात चाळीस वर्षं बी-बियाण्याचं दुकान चालवलं. शिक्षण सातवी, तेही अक्कलकोटकडच्या कन्नड शाळेत. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणजे जगातल्या सगळ्या शास्त्रांचा जाब मीच द्यायचा, अशी त्यांची समजूत होती. पंख्याला तीनच पाती का? चंद्र दिवसा दिसतो, मग रात्रीची ड्यूटी कोण करतं? एकदा तर शून्यावरून आमची चांगलीच जुंपली. "शून्यानं भागता येत न्हाय म्हणता. दहा भाकऱ्या हायत, खायला कुणीच न्हाय. दहाच्या दहा उरल्या की! उत्तर दहा."

"उरल्या किती ते नको, अण्णा. एकेकाच्या वाट्याला किती आल्या?"

"एकेक हायच कुटं?" म्हणाले, आणि थांबले. "म्हंजे प्रश्नच चुकलाय म्हणा की." किल्ली मिळाली. तास बुडाला होता.

उत्तर येत नसलं की मी इकडचं तिकडचं सांगून सुटायला बघायचो. चिमटीत दाणे घेऊन बियाण्यातली भेसळ ओळखणारा माणूस तो, माझी काय ओळखणार नाही? "गोत्तिल्ला म्हणा की सर. माहीत न्हाय म्हणायला काय जीएसटी लागतोय?" मी निमूटपणे "गोत्तिल्ला" म्हटलं की किल्ली हातात. समोरच्या ओट्यावरून त्यांची बायको, आमच्या काकू, ओरडायच्या, "अवो, सोडा त्यास्नी! तुमच्यासारखे रिकामे न्हाईत ते."

गेल्या वर्षी अण्णांच्या पोटात काहीतरी निघालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, दहातले आठ बरे होऊन घरी जातात; नाही केलं तर फार दिवस नाहीत. मुलगा पुण्याहून येऊन बसला, पण अण्णा सही करेनात. त्यांना आधी उत्तर हवं होतं. ते विचारायला एका संध्याकाळी माझ्या घरी आले, काकूंना घेऊन.

"दहातले आठ म्हणतोय डाक्टर. मी तर एकटाच हाय. मी आठात हाय का दोनात?"

मी त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, चार-पाच दिवसांनी कोंब मोजायचे. ऐंशी उगवले तर बियाणं ऐंशी टक्क्यांचं. हे तसंच.

"ते कळतंय. जलमभर तेच केलं की. पण जो दाणा उगवत न्हाय, तो गोणपाटात जायच्या आदीच मेलेला असतोय, का आत गेल्यावर ठरतंय? आदीच ठरलेलं असंल तर हा डाक्टर मला कशाला चिरतोय?"

पंचवीस वर्षं शिकवतोय, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारलेला नाही. त्याचं उत्तर मला येत नाही. मोठमोठी माणसं यावर भांडली आहेत, एवढंच मला माहीत आहे. पण काकू त्यांच्या मागे दाराला टेकून उभ्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आधी ठरलेलं नसतं, अण्णा," मी म्हणालो. चांगलं ठणकावून म्हणालो.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी ओळखलं असणार, असं मला आजही वाटतं. "बरं," म्हणाले, "मग करतो सही."

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ते गेले. फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. फोन खिशात ठेवला आणि फळ्यावरचं अर्धवट गणित पूर्ण केलं. उत्तर बरोबर आलं. दुपारी मातीला गेलो, मूठभर माती टाकली, घरी येऊन आंघोळ केली आणि जेवलो. भाजीत मीठ कमी होतं, ते लक्षात आहे. रडू आलं नाही, अजूनही येत नाही. मी हल्ली रोज वेळेवर कॉलेजात पोचतो. त्यांच्या जाण्याचं दुःख झालंय की मी खोटं बोललो त्याचं, हे तपासायला बसलं तर आत काहीच हाताला लागत नाही. त्याची मात्र मला भीती वाटते.

पंधरा दिवसांनी काकूंनी बोलावलं. आता विचारणार, तुमीच म्हणला होता ना, म्हणून मी मनाची तयारी करून गेलो. त्यांनी चहा दिला. स्वतः भिंतीला टेकून खाली बसल्या.

"यांच्यासारखे मला प्रश्न पडत न्हाईत, सर. एकच विचारायचंय. डाक्टर म्हणला हुता दहातले आठ घरी जातात. यांच्यासंगट जे हुते, ते आठ गेले का वो घरी?"

मी कप खाली ठेवला.

"हो काकू. आठही गेले."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या घरची माणसं वाट बघत असतील की."