मैनाताईंच्या नावावरची बाटली

दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या बाईच्या सामानात, तिच्याच नावावर, दारूची सीलबंद बाटली निघाली तर तुम्ही तिला काय म्हणाल? ढोंगी म्हणाल ना? म्हणा. पण आधी मैनाताईंचं ऐका, मग जीभ सैल सोडा.

सातपूरच्या कामगार वस्तीत मैनाताईंचं मसाला कांडपाचं दुकान आहे. गल्लीच्या तोंडाशीच शिंका यायला लागल्या की समजायचं, यंत्र चालू आहे. शिक्षण सातवी. पण कागद त्या तांदूळ निवडावेत तसा वाचतात, खडा सापडेपर्यंत सोडत नाहीत. बारा वर्षांपूर्वी वस्तीतलं देशी दारूचं दुकान उठवायला बायकांचं मतदान झालं. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. त्याआधी ताईंचा अर्ज दोनदा परत आला होता, सह्या जुळत नाहीत म्हणून. तिसऱ्यांदा त्यांनी साहेबाच्या टेबलावर नियम उघडले, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तुम्ही वाचता का मी वाचू?" दुकान उठलं. ताईंचं नाव पडलं ते कायमचं, आडव्या बाटलीच्या मैनाताई.

आणि अशा बाईला तिच्या व्याह्यांनी भर पंगतीत गळ घातली.

व्याही म्हणजे खंडेराव, निफाडकडचे द्राक्षबागायतदार. मन मोठं, आवाज त्याहून मोठा. यंदा बाग साधली होती. मुलगा महेश आणि सून स्नेहल, म्हणजे ताईंची लेक, यांच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती. त्या आनंदात खंडेरावांनी मुंबई ते गोवा आणि परत, अशा बोटीची पाच तिकिटं काढली. ते स्वतः, त्यांच्या मंडळी गयाबाई, मुलगा, सून आणि मैनाताई.

"ईनबाई," भाकरी मोडता मोडता खंडेराव म्हणाले, "बोटीवर माणशी एक वाइनची बाटली न्यायला चालती. आपण पाच, म्हंजी बाटल्या पाच. तुमच्या नावावर एक टाकतो."

"माझ्या नावावर?"

"नावाला हो! प्यायचं आम्ही बापलेकांनी. तुमचा कोटा उगं वाया कशाला घालवायचा?"

महेशनं ताटात मान घातली. स्वयंपाकघराच्या दारातून स्नेहल हातानं खुणावत होती, आई, भडकू नकोस. तिचं चुकत नव्हतं. खंडेराव रुसले की घरात दोन-दोन महिने सुनेशी बोलत नसत, आणि मागे एकदा तर रुसवा आहेराच्या साडीवरून होता. ताई 'नाही' म्हणाल्या असत्या तर त्याची झळ लेकीला लागली असती. 'हो' म्हणाल्या असत्या तर वस्तीतल्या बायकांना कोणतं तोंड दाखवायचं? ताईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "कागद बघते, मग सांगते."

दुसऱ्या दिवशी त्या कॉलेज रोडला, तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात हजर. काउंटरवर निकिता नावाची मुलगी होती.

"बोटीचे नियम दाखव."

"काकू, तीस पानं आहेत, इंग्रजीत. कुणीच वाचत नाही."

"म्हणून तर आले. तू सांग, मी लिहिते."

निकितानं एकेक ओळ मराठीत सांगितली, ताईंनी बिलाच्या पाठीवर उतरवून घेतली. वाइन, सीलबंद, मोठ्या माणसामागे एक बाटली, तीही हातातल्या सामानात आणि बोटीवर चढतानाच. व्हिस्की, रम, बीअर बंद. पाण्याच्या किंवा शॅम्पूच्या बाटलीत लपवून आणली तर जप्त. प्यायची ती आपापल्या खोलीत. आणि खोलीत ठेवायची नसेल तर चढताना काउंटरवर द्यायची. ते नावाची चिठ्ठी बांधून ठेवतात आणि शेवटच्या सकाळी त्याच माणसाच्या सहीनं परत करतात.

"दुसऱ्या कुणाला देतात का?"

"नाही. नवऱ्यालासुद्धा नाही."

"ही ओळ परत वाच," ताई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी खंडेरावांना फोन लावला. "नाना, आणते बाटली. पण नाव माझं, म्हणजे बाटली माझी. कबूल?"

"कबूल, कबूल! तुमचीच की!" खंडेराव खदाखदा हसले. बायकोला सरपंच करून खुर्चीत स्वतः बसणारे लोक हसतात ना, अगदी तसे.

मुंबईच्या धक्क्यावर रांग लागली. सामान यंत्रातून गेलं. तपासणीच्या पोरीनं ताईंची पिशवी बाजूला काढली. "ही बाटली कोणाची?"

खंडेराव पुढे सरसावले. त्यांच्या आधी ताई म्हणाल्या, "माझी." आणि तडक शेजारच्या काउंटरवर गेल्या. "ही ठेवून घ्या. शेवटच्या दिवशी द्या."

"आवो ईनबाई! हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? माझी बाटली मी ठेवायला दिली. तुम्हीच कबूल म्हणालात ना, नाना?"

तेवढ्यात, नवऱ्यासमोर कधी वर न बघणाऱ्या गयाबाई काउंटरवरच्या बाईपुढे येऊन उभ्या राहिल्या. "बाई, माझ्या बी नावावर एक हाय म्हणं. ती कुठंय?"

"तुझं काय मधीच?"

"नाव माझंच ना? मंग मला कोणी इचारलं व्हतं?"

स्नेहलला हसू आवरेना. तिनं पिशवीतून सासूबाईंची बाटली काढून दिली आणि आपलीही पुढे केली. तीन बाटल्यांना तीन चिठ्ठ्या लागल्या. "बाबा, दोन पुरे आपल्याला," महेश हळूच म्हणाला.

खंडेराव जे गप्प झाले ते बोट सुटेपर्यंत गप्पच. आता स्नेहलचं हसू मावळलं. मग मैनाताईच उठल्या आणि डेकवर त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"नाना, राग आला असेल तर मला शिव्या द्या. पोरीवर काढू नका."

"तिच्यावर कशाला काढीन?"

"साडीच्या वेळी काढलात. दोन महिने."

खंडेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "चुकलंच ते. पण एक सांगा, मी नीट इचारलं असतं, ईनबाई, नेता का एक, तर?"

"तर नीट नाही म्हटलं असतं."

खंडेराव इतक्या जोरात हसले की आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. "स्नेहल," त्यांनी तिथूनच हाक मारली, "तुझी आई लय वंगाळ बाई हाय! ये, बस इथं." स्नेहल आली, बसली. ताईंचा जीव भांड्यात पडला.

पुढचे दोन दिवस ताई आणि गयाबाई खुर्च्या शेजारी ओढून नुसत्या बसल्या. समुद्र बघितला, तीन-तीन वाट्या आइस्क्रीम खाल्लं. चहा टाक म्हणणारं कुणी नव्हतं. "बरं वाटतंय," असं गयाबाई दिवसातून चारदा म्हणायच्या, आणि दर वेळी ते खरंच असायचं.

शेवटच्या सकाळी काउंटरवर गर्दी उसळली. गयाबाई एकेक अक्षर जुळवत सही करत होत्या. मागून कुणीतरी करवादलं, "आजी, आटपा की!" खंडेराव गर्रकन वळले. "थांबा जरा! सही करतीय ती. दिसत नाय?"

धक्क्यावर उतरल्यावर मैनाताईंनी आपली बाटली त्यांच्या हातात ठेवली. "घ्या. माझं नाव सुटलं, आता तुमची." स्नेहलनं आपली महेशला दिली. गयाबाईंनी मात्र दिली नाही. ती निफाडच्या कपाटात आहे आणि किल्ली त्यांच्या कमरेला. वस्तीतल्या बायकांना ताईंनी सगळं स्वतःच सांगितलं, काहीही न लपवता. त्या दिवशी कांडपाच्या आवाजापेक्षा हसण्याचा आवाज मोठा होता.

आता तुमच्याकडे एकच मागणं आहे. कर्जाचा फॉर्म असो, प्लॉट असो, निवडणुकीचा अर्ज असो, घरातल्या बाईचं नाव कुठे घालायचं असेल तर पेनाआधी कागद तिच्या हातात द्या, आणि तिचं वाचून होईपर्यंत गप्प बसा.