‘पडलो’ नव्हे, ‘पाडले’

मांडीच्या हाडालाही मान असते, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले. सोलापूरच्या रुग्णालयात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि ते म्हणाले, "गुरुजी, नेक ऑफ फीमर फ्रॅक्चर आहे. मान मोडली आहे." पत्नी दचकून माझ्या गळ्याकडे पाहू लागली.

मांडीचे हाड खुब्यात बसते, तिथला त्याचा निमुळता भाग म्हणजे ही मान. माझ्या वयात ती जुळून येण्याची खात्री नसते. म्हणून हेमिआर्थ्रोप्लास्टी करायची ठरली. तिचा अर्थ असा, की हाडाच्या टोकाचा गोळा काढून तिथे धातूचा बसवायचा आणि खुब्याची वाटी मूळची ठेवायची.

मी विचारले, "सायकल?"

डॉक्टर म्हणाले, "आधी चाला."

मी अणदूरचा निवृत्त मराठी शिक्षक. सायकल चालवणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा, एवढ्याचसाठी हे लिहितो.

अपघाताच्या सकाळी मी फाट्यावर सायकलने महामार्ग ओलांडत होतो. शेजारच्या ज्ञानोबाचा मुलगा बालाजी मैदानावरून मोटारसायकलने परतत होता. तो पोलीस भरतीची तयारी करतो. लांबचे वळण टाळण्यासाठी तो उलट्या बाजूने आला आणि मला धडकला. तो पळून गेला नाही. त्यानेच मला टेम्पोत घालून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले.  

तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "कसं लागलं?" मी बालाजीकडे पाहिले. गुन्हा नोंदला गेला तर त्याची भरती हुकेल, असे मनात आले. मी म्हणालो, "सायकलवरून पडलो." जबाब घ्यायला आलेल्या हवालदारांनाही मी तेच सांगितले.

सोलापुरात शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी वॉकर हाती देऊन मला उभे केले. त्यानंतर फिजिओथेरपी सुरू झाली, म्हणजे व्यायाम देऊन स्नायूंना पुन्हा कामाला लावणे. उकिडवे बसायचे नाही, मांडी घालायची नाही, बुटक्या पाटावर टेकायचे नाही. जन्मभर भारतीय बैठकीत जेवलेल्या माणसाला हे जड जाते. पण पाळावे, गोळा निखळला तर पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागते. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "पाय किंचित आखूड राहील. पुढे कधीतरी दुसरं ऑपरेशनही लागू शकतं."

घरी आल्यावर बालाजी रोज सकाळी येऊन मला अंगणात चालवू लागला. माझी सायकलही त्याने दुरुस्त करून आणली. चाक सरळ केले, वर नवा रंग दिला.

पत्नीला हे पसंत नव्हते. ती म्हणाली, "फुडच्या आपरेशनचा खर्च कोण करणार? तुमची सायकल का? त्याच्या गाडीचा इमा हाय, मग तो कशाला भरतेत लोकं?"

तिच्या आग्रहावरून तुळजापूरला गेलो. न्यायालयाच्या आवारात विधी सेवेची खोली असते. कायद्याच्या निकषांत बसणाऱ्यास तिथे वकील मोफत मिळतो आणि सल्ला तर कोणीही विचारावा. तिथल्या शेख वकीलबाईंनी माझा जबाब दोनदा वाचला.

"गुरुजी, ‘सायकलवरून पडलो’. यात मोटारसायकल कुठं आहे? कर्ता कुठं आहे?"

मी ते वाक्य पुन्हा वाचले.

"सायकल जशीच्या तशी ठेवली का?"

"दुरुस्त झाली."

"म्हणजे पुरावाही सरळ करून ठेवला." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "त्याच फाट्यावरचे आणखी दोघं माझ्याकडं येऊन गेले. एक दूधवाले, एक शिवणकाम करणाऱ्या बाई. तेही आपोआप पडलेले. धडकणारं ओळखीतलंच कुणी होतं म्हणं. कागदावर तुमच्या फाट्यावर आजवर कुणी कुणाला धडकलेलंच नाही. मग गतिरोधक कोण कशाला करंल?"

दया म्हणून मी जे केले, त्याचा हा अर्थ मला सुचला नव्हता.

त्यांनी सांगितलेले इथे नोंदवतो. दवाखान्यात पहिल्याच वेळी खरे सांगावे. अशा वेळी एमएलसी होते, म्हणजे दवाखाना पोलिसांना कळवून नोंद करतो. गाडीचा क्रमांक टिपावा. पंचनामा होईपर्यंत सायकलला हात लावू नये, निदान छायाचित्रे तरी काढावीत. भरपाईचा दावा अपघाताच्या न्यायाधिकरणात चालतो. गाडीचा विमा असेल तर रक्कम विमा कंपनी देते. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा. जबाब चुकला असेल, तर पुरवणी जबाब देता येतो; उशिराचे कारण मात्र द्यावे लागते.

"आणि मुलाची भरती?" मी विचारले.

"गुन्हा नोंदला तर तिथं विचारतील. मी वचन देत नाही."

संध्याकाळी ज्ञानोबा आणि बालाजी यांना बोलावून सारे सांगितले. ज्ञानोबा म्हणाला, "गुरुजी, लई दिसांचा शेजार हाय. झालं गेलं मिटवू. लागंल तो खर्च म्या देतो, पर पोराच्या नावावर केस नगं."

 तेवढ्यात पत्नी मला म्हणाली, "जलमभर पोरांच्या वह्यांत तांबड्या रेघा मारल्या. आता एक सोताच्या वाक्यावर मारा."

बालाजी खाली पाहत होता. तो वडिलांना म्हणाला, "आण्णा, उंद्या म्या जातो गुरुजींसंगं."

ठाण्यात मी पुरवणी जबाब दिला. हवालदार वैतागले. "तवा पडलो म्हणला, आता पाडलं म्हणता. कुणी पाडलं?"

मी तोंड उघडण्याआधीच बालाजी पुढे झाला.

"म्या पाडलं."

दावा दाखल झाला आहे. निकाल काय लागेल, ठाऊक नाही. दूधवाल्यानेही पुरवणी जबाब दिला. शिवणकाम करणाऱ्या बाई अजून विचार करत आहेत. गतिरोधकासाठी अर्ज दिला आहे, गतिरोधक झालेला नाही. तोवर फाट्यावर सायकलवरून उतरून चालत जावे. मागच्या चिखलरोधकाला चमकणारी लाल पट्टी लावावी, अंगात फिकट कपडे असावेत, डोक्याला हेल्मेट घालावे. सायकलला कशाला, असे लोक म्हणतील. म्हणू द्यावे.

भरतीचे काय होईल, तेही सांगता येत नाही. ज्ञानोबा माझ्याशी पूर्वीसारखा बोलत नाही. बालाजी सकाळी येतो. वॉकर सुटला आहे, आता मी काठीवर फाट्यापर्यंत जातो. तो बाजूने चालतो, वाहनांच्या बाजूने.

‘म्या’ हे रूप मी नोकरीभर मुलांच्या वह्यांतून खोडले आणि वर ‘मी’ लिहिले. हवालदारांनीही जबाबात ‘मी’च लिहिले. ठाण्यात उच्चारलेल्या त्या ‘म्या’चा मी ऋणी आहे. तो खोडण्याची माझी योग्यता नाही.