मेर्नाची खिडकी

लेस्टर ट्रिफिटने उभं आयुष्य फेरीबोटीवर काढलं. बोट या धक्क्यावरून त्या धक्क्यावर जायची आणि परत यायची, बस. टास्मानियाच्या दक्षिणेकडची ती खाडी इतकी अरुंद, की पलीकडच्या कुत्र्याला अलीकडून नावाने हाक मारावी आणि त्याने शेपूट हलवावी. लेस्टर निवृत्त झाला तेव्हा निरोप समारंभात कुणीतरी विचारलं, "लेस, एवढा प्रवास करून पोचलास कुठे?"

"चहाला," लेस्टर म्हणाला. "रोज, मेर्नाकडे."

मेर्ना त्याची बायको. गावामागच्या किनाऱ्यावर वसंतात छोटे निळे पेंग्विन येतात, ते ती मोजायची. दिवस बुडता बुडता टेकाडाआड बसायचं, विजेरीला बिस्किटाच्या पुड्याचा लाल कागद गुंडाळायचा, कारण पांढऱ्या उजेडाला ते भितात, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. लेस्टरकडे थर्मास असे. मोजायची त्याला सक्त मनाई होती. जन्माचा फेरीवाला तो. पाण्यातून आलेला पेंग्विन मोजायचा, आणि तोच बिचकून परत पाण्यात गेला की पुन्हा मोजायचा.

"अरे, ती फेरी धरायची नसते," मेर्ना कुजबुजायची. "त्याने काय परतीचं तिकीट काढलंय?"

घरी आल्यावर ती आकडे संगणकात भरायची. चित्रंबित्रं काही नाहीत; काळी खिडकी उघडायची आणि त्यात कमांड टाइप करायच्या. शेजारच्या खुर्चीत बसून लेस्टरने वर्षानुवर्षं ते पाहिलं, तेवढ्यावर त्याला थोडंफार येऊ लागलं होतं. म्हणजे पोहणाऱ्याकडे पाहून पोहायला येतं, तितपत.

शरद ऋतूत मेर्ना गेली. दवाखान्यात नेलं त्या सकाळी ती खिडकी उघडीच होती. गेल्या मोसमात किती पिल्लं समुद्राला लागली, असं तिने विचारलं होतं, आणि खाली उत्तर आलं होतं. लेस्टरने संगणक बंद केला नाही. त्याच्या वायरवरची धूळ पुसायचा आणि स्क्रीनकडे बघून "मॉर्निंग" म्हणायचा.

वसंत आला तसा ब्रॉन्विनचा फोन आला. ब्रॉन्विन पुढच्या किनाऱ्यावरची, मेर्नाची मोजणीतली मैत्रीण. सगळ्या किनाऱ्यांचे आकडे आता नव्या डेटाबेसमध्ये जाणार होते.

"तुला जमणार नसेल तर सांग, लेस. पण या मोसमात नोंद आली नाही तर मेर्नाचा किनारा मोजणीतून काढतील."

"जमेल," लेस्टर म्हणाला. न जमणाऱ्या कामाला तो नेहमी असंच पटकन हो म्हणायचा.

त्याने नवं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, बसवलं. पडद्यावर 'यशस्वी' असं आलं. मग मेर्नाच्या खिडकीत, तिच्या शेवटच्या ओळीखाली, त्याने कमांड लिहिली. उत्तर आलं: कमांड सापडली नाही. त्याने सॉफ्टवेअर काढलं, पुन्हा बसवलं. सापडली नाही. शिव्या दिल्या, पुन्हा बसवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दर नकाराबरोबर मेर्नाच्या ओळी वर वर सरकत गेल्या, आणि एका दुपारी त्या दिसेनाशाच झाल्या. तेव्हा मात्र त्याने ब्रॉन्विनला बोलावलं.

ती लॅमिंग्टनचा, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेल्या केकच्या तुकड्यांचा, डबा घेऊन आली. बघून हसली.

"अरे बाबा, सॉफ्टवेअर आलंय की. पण कमांड दिली की टर्मिनल, म्हणजे ही काळी खिडकी, काही ठरावीक घरंच धुंडाळतं. नव्या बिऱ्हाडाचा पत्ता त्याला कुणी दिलाच नाही." तिने एका फाइलमध्ये एक ओळ लिहिली. "हा दिला. आता बघ."

लेस्टरने मेर्नाच्या खिडकीत कमांड दिली. सापडली नाही.

"तिथे नाही रे. खिडकी उघडताना पत्ते एकदाच वाचते. ही कधी उघडलीस?"

"मी नाही उघडली."

ब्रॉन्विनने वर सरकवून पाहिलं. शेवटच्या ओळी वाचल्या आणि हातातला लॅमिंग्टन खाली ठेवला.

"म्हणजे त्या दिवसानंतरचं हिला काहीच माहीत नाही?" लेस्टरने विचारलं.

"काहीच नाही."

"सुखी आहे."

थोडा वेळ दोघंही खोबऱ्याचा कीस वेचत बसले. मग ब्रॉन्विन म्हणाली, "ही राहू दे. नवी उघडू."

नवी खिडकी उघडली. लेस्टरने कमांड लिहिली आणि नवा डेटाबेस पहिल्या हाकेला हजर झाला. खिडकी कोरी होती. वर सरकवून पाहण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

त्या संध्याकाळी तो एकटाच टेकाडाआड बसला. विजेरीला लाल कागद, मांडीवर थर्मास. पेंग्विन आले, पाणी झटकत, एकमेकांवर खेकसत. एक जण वाळूवर आला, थबकला, परत पाण्यात शिरला आणि पुन्हा बाहेर आला. लेस्टरने त्याला एकदाच मोजलं. शाबासकीसाठी मान वळवली तर बाजूला गवत.

सकाळी त्याने नव्या खिडकीत आकडा भरला. नोंद झाली. मेर्नाचा किनारा राहिला. ब्रॉन्विनला फोन केला, तर तिने विचारलं, "एकेक पक्षी एकदाच मोजलास ना?"

"हो गं बाई."

"मेर्नाला सांगायला हवं."

ती सहज बोलून गेली. फोन ठेवल्यावर लेस्टर जुन्या खिडकीपाशी बसला. चहा गार होईपर्यंत बसला. मग दोन बोटांनी सावकाश लिहिलं: मेर्ना सगळे आले एकदाच मोजले. आणि एंटर दाबलं.

संगणक बिचारा पहिला शब्द कमांड समजतो. त्याने ठरावीक घरं धुंडाळली आणि प्रामाणिकपणे कळवलं: मेर्ना सापडली नाही.

"माहीत आहे," लेस्टर म्हणाला, आणि त्याने खिडकी बंद केली.