गोळ्या दोघांनी घ्यायच्या

आमचे हे इकडे हिंदी मुलखात, खमरियाच्या कारखान्यात दारू भरायच्या विभागात आहेत. बाटलीतली नाही, तोफगोळ्यातली. आत जाताना काडेपेटी, मोबाईल, पट्टा सगळं बाहेर ठेवायचं, पायात वेगळे बूट चढवायचे. अर्धं आयुष्य असं काढलेल्या माणसाची सावधगिरी घरीही सुटत नाही. कुकरची शिट्टी अडकली की हे अंगणात उभे. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तरी डोक्यावर हेल्मेट. अन् अशा माणसानं मला म्हणावं, "मला काय झालंय? मी काहून गोळी घेऊ?" माझं डोकंच फिरलं!

झालं असं की पोरगी शिकायला नागपूरला गेली आणि क्वार्टरमध्ये उरलो आम्ही तिघं: मी, हे आणि माझ्या सासूबाई. त्यातच मला नको त्या जागी खाज सुटली. नुसती खाज नाही, आग. अंगावरून पाणीही जायचं आणि त्याला वास यायचा. कडुलिंबाच्या पाण्यानं धुऊन पाहिलं, खोबरेल लावून पाहिलं. काही उपयोग नाही. शेवटी रिक्षा करून थेट शहरात, मदन महलच्या डॉक्टरबाईंकडे गेले. मुद्दाम तितक्या लांब, कारण कॉलनीच्या दवाखान्यात रांगेत सगळ्या ओळखीच्या, आणि "काय झालं वो तुले?" विचारल्याशिवाय एकीलाही अन्न पचत नाही.

डॉक्टरबाई अगदी तरुण, माझ्या पोरीची मोठी बहीण शोभेल अशी. तपासलं, नमुना घेतला, आणि सरळ म्हणाली, "आंटी, ये इन्फेक्शन पति-पत्नी के बीच घूमता रहता है. दवा दोनों लेंगे, पूरी. तब तक परहेज. और उसके बाद भी कुछ दिन कंडोम." तिनं हे इतक्या सहज सांगितलं, जशी काही वरणात हिंग घालायला सांगून राहिली. मीच पदर सारखा करत बसले.

मी माझ्या गोळ्या घेतल्या, यांच्या गोळ्या यांच्या हातात दिल्या. मला बरं वाटलं. घरात पुन्हा गोडीगुलाबी सुरू झाली, आणि थोड्याच दिवसांत ती आग परत हजर. मला शंका आली. यांचा दाढीचा डबा उघडला, तर गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं! एक गोळी जागची हललेली नाही.

पुन्हा मदन महल, पुन्हा दोघांच्या गोळ्या. या वेळी मी खाली मान घालून डॉक्टरबाईंना विचारलं, हे आलं कुठून? ती म्हणाली, ते कुणालाच सांगता येत नाही. पुरुषाच्या अंगात हे महिनोन्‌महिने गुपचूप बसून राहतं, त्याला खाजसुद्धा येत नाही. तुमच्याकडूनही गेलं असेल. कुणाकडून आलं ते शोधत बसू नका, दोघं बरे व्हा. मी मान हलवली. पण रिक्षात बसल्यावर डोळ्यांतून पाणी यायचं ते आलंच. खोटं कशाला सांगू, सतरा बायका माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या.

घरी रणकंदन. सासूबाई देवळात होत्या म्हणून बरं.

"म्हणजे मी बाहेर शेण खाल्लं असं म्हणायचंय तुला?"

"मी काहीच म्हणून नाही राहिली. गोळ्या खा म्हणून राहिली."

"खाल्ल्या म्हणजे कबूलच केलं ना!"

अच्छा, तर पाणी इथं मुरत होतं. गोळी गिळली तर गुन्हा कबूल. आणि कंडोम? "या वयात दुकानात जाऊन ते मागू? कॉलनीत तोंड दाखवायचंय मला." बॉम्बला न घाबरणारा माणूस औषधाच्या दुकानाला घाबरतो, असा प्रकार.

मग मी संप पुकारला. यांनी आयुष्यभर कारखान्याच्या गेटवर घोषणा दिल्या, तर म्हटलं, चलो, आता घरातही काम बंद! उशी उचलली आणि सासूबाईंच्या खोलीत गादी टाकली. हे दारात येऊन हळूच म्हणाले, "मागण्या काय आहेत?" म्हटलं, एकच. गोळ्या. बोलणी फिसकटली.

सासूबाईंनी दोन-तीन रात्री पाहिलं. मग एका सकाळी म्हणाल्या, "काहून वो, इथं काहून झोपून राहिली?" घाईघाईत माझ्या तोंडून निघालं, "उपास आहे, आई."

आता सांगा, कुणापुढे काय बोलावं! आमच्या सासूबाई म्हणजे उपासाचं चालतंबोलतं पंचांग. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष, काही सोडायच्या नाहीत. सासरे होते तोवर हळदीकुंकवाला आख्खी कॉलनी त्यांच्या पाया पडायची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणता उपास? काल तर डबल भजे खाल्ले तू."

माझं पित्त खवळलं होतं, कुणावर तरी निघायचंच होतं. मी सगळं बोलून टाकलं. खाज, गोळ्या, डबा, डॉक्टरबाई, सगळं. सासूसमोर! बोलून झाल्यावर वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

सासूबाई मेथी निवडत होत्या. निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मले काय उपासाची हौस होती? उपासाच्या दिवशी तुझे सासरे जवळ नाही यायचे. तेवढे दिवस आग कमी राहायची."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"लोक म्हणायचे, काय भक्ती आहे! म्या म्हटलं, म्हणू द्या. एक उपास कमी पडला की दुसरा धरायची."

"अन् औषध, आई?"

"कोणाले सांगू, माय? नवऱ्याले? सासूले? तोंड दाबून बुक्क्यांचा मार."

रविवार होता. बाहेरच्या खोलीत हे पेपर वाचत होते आणि त्या पेपरचं पान मघापासून उलटलंच नव्हतं. सासूबाई उठल्या, हात पदराला पुसले, तांब्याभर पाणी घेतलं आणि यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुझ्या बापाले म्हणाची माझी हिंमत नाही झाली. तुले म्हणून राहिली. गीळ."

हे मुकाट्यानं उठले, दाढीचा डबा आणला आणि आईसमोर गोळी गिळली. डोळे लाल झाले होते. गोळी कडू होती म्हणाले. मी हसले नाही. खरं तर मला यांना तेव्हा जवळ घ्यावंसं वाटलं, पण परहेज होतं आणि सासूही होती.

पुढचं मात्र मी पोटभर हसून घेतलं. गोळ्या चालू असताना घोटभरही घ्यायची नाही असं डॉक्टरबाईंनी बजावलेलं, आणि नेमकी एका दोस्ताच्या रिटायरमेंटची पार्टी आली. यांनी तिथं सांगितलं, उपास धरलाय! आईवर गेलाय पोरगा, असं सगळ्यांनी कौतुक केलं म्हणे. मग कंडोम आणायला स्वारी निघाली. खमरियात नाही, मदन महलला नाही, थेट दुसऱ्या गावाला, शहपुऱ्याला! दुकानात हेल्मेट काढलं नाही. आजूबाजूला गिऱ्हाईक होतं म्हणून आधी खोकल्याचं औषध मागितलं, मग टूथपेस्ट, मग पायाच्या भेगांचं मलम. दुकानदार शेवटी म्हणाला, "भैया, जो लेना है वो भी बोल दो." आणलं बापड्यानं. पिशवी माझ्या हातात अशी दिली, जशी काही गड जिंकून आले. माझ्या मनातल्या सतरा बायका कधी निघून गेल्या, मला कळलंही नाही.

दोघं बरे झालो. पण सासूबाईंचं ते बोलणं माझ्या मनातून जाईना. एका दुपारी धीर करून विचारलं, "आई, आता तर नाही ना काही त्रास?"

त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. "या वयात काय दाखवायचं वो. लोक हसतील."

म्हणजे अजूनही होता! मला इतका राग आला, कुणावर ते कळेना. तिथल्या तिथं त्यांना लुगडं बदलायला लावलं. यांनीच रिक्षा आणली, सोबत आले, आणि दवाखान्यात एवढ्या बायकांच्या मधोमध आईची पिशवी मांडीवर घेऊन बसले. मी सासूबाईंचा हात धरून आत गेले.

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "बताइए अम्मा, तकलीफ कब से है?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बेटा," त्या म्हणाल्या, "तू पैदा नहीं हुई थी, तब से."