‘तर’ आणि ‘म्हणजे’

कोलनवॉटरचा वास आला की कानडी मुलखात, मळमड्डीला, आमच्या शेजारच्या सरांची पडवी आठवते. त्यांच्याकडे मी जुन्या अरबी पंडितांचं तर्कशास्त्र शिकत होते. तेव्हा माझे वडील, अप्पा, आठ दिवस दवाखान्यात तापाने बेशुद्ध होते आणि कपाळावर पट्ट्या ठेवून ठेवून माझ्या बोटांना तोच वास लागला होता. सर सांगत होते, “जर-तरची वाक्यं दोन जातींची. सूर्य उगवला तर दिवस असतो. इथे एक दुसऱ्याला ओढून आणतं. माणूस बोलणारा असेल तर गाढव ओरडणारं असतं. हेही खरंच, पण दोघं नुसती शेजारी उभी.” मी वही मिटली. “सर, डॉक्टर म्हणालेत, ताप उतरला म्हणजे अप्पा शुद्धीवर येतील. हे कुठल्या जातीचं?” “डॉक्टर तर कानडी. नेमकं काय म्हणाले?” “ज्वर इळिदरे.” सर म्हणाले, “अगं, इळिदरे, उतरला तर. ‘तर’मध्ये नुसती आशा असते, ‘म्हणजे’मध्ये शब्द दिलेला असतो. ‘म्हणजे’ कुणी घातलं?” आईने घातलं होतं. कानडी मलाही तिच्याइतकीच येत होती, तरी मी ते तसंच उचललं होतं. दवाखान्यात पोचले तर आई दारातच हसत उभी. “ताप उतरला की गं! आता डोळे उघडतील बघ.” ताप खरंच उतरला होता. अप्पांनी डोळे उघडले नाहीत, तिसऱ्या दिवशी ते गेले. आई अजून म्हणते, डॉक्टरांनी शब्द दिला होता. तो शब्द तिचाच होता, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.