व्हॉल्व्हची विहीर

उद्या प्रलय आला तर सगळं वाहून जाईल, फक्त माझ्या मोठ्या मामांनी बांधलेल्या वस्तू जागच्या जागी राहतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मामांची सगळी नोकरी रेल्वेचे पूल बांधण्यात झाली. जे बांधायचं त्यावरून मालगाडी जाणार असं धरूनच बांधायचं, ही त्यांची खोड निवृत्त होऊन रायपूरला चौबे कॉलनीत घर केल्यावरही सुटली नाही. मामींची कपडे वाळवायची तार त्यांनी अशी बांधली, की तिच्यावर हत्ती वाळत घालावा. तुळशीचा ओटा जरा सरकवायचा ठरला, तेव्हा पाडायला आलेले मजूर संध्याकाळी त्याला नमस्कार करून गेले. शेवटी मामींनी नुसती तुळस हलवली.

छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून आमच्या शहरात रस्त्यांना बरकत आली. जुन्यावर नवा थर, नव्यावर आणखी नवा. एका उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी गल्लीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि तो उघडायच्या आधीच त्याच्यावर डांबर पडलं. रस्ता देखणा झाला, नळ कोरडे पडले. टँकरपुढे सख्खे शेजारी भांडू लागले, पण व्हॉल्व्ह नेमका कुठे पुरलाय ते कोणालाच सांगता येईना. मामांनी रेल्वेतला लांब दांड्याचा हातोडा काढला आणि गाडीची चाकं ठोकून पाहावीत तसे ते रस्ता ठोकत निघाले. गल्ली हसत होती. एका जागी ते थबकले, पुन्हा ठोकलं, म्हणाले, “लोखंड बोलून राहिलं. खोदा.” खोदलं, तर तिथेच होता! आजही सांगताना माझ्या अंगावर काटा येतो.

पाणी सुरू होताच लोक खड्डा बुजवायला धावले, पण मामा खड्ड्यातच बसून राहिले. हा पुन्हा पुरला जाणार नाही म्हणाले, आणि माणूस उतरेल अशी गोल विहीरच त्यांनी व्हॉल्व्हभोवती बांधायला घेतली. तळाला गिट्टी, भोवती जाड विटा, आणि नळाला विटेचा स्पर्शही नाही. ट्रक गेला तर भार विटांनी सोसावा, नळानं नाही. समोरचे शेजारी म्हणाले, “काका, इतना पक्का काहे बना रहे हो?” मामा म्हणाले, “राजधानी आहे भैया, रस्ता तं चढतच राहीन. झाकण बी चढलं पाहिजे.” म्हणून त्यांनी सिमेंटच्या जादा रिंगा ओतून अंगणाच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. रस्ता चढला की झाकण उचलायचं, खाली एक रिंग बसवायची. मामी विचारत, “या बांगड्या कोन्या राक्षसिणीले भरता?”

कहर केला तो बांधकामावर पाणी मारण्यानं. ज्या पाण्यासाठी गल्ली तरसली, त्यातला पहिला हंडा मामा रोज तिथे नेऊन ओतत.

“माणसं तहानली अन् तुम्ही विटाले पाजून राहिले! काहून?” मामी कडाडत.

“आज याले पाजलं, तं उद्या हे आपल्याले पाजंल.”

मामा जाऊनही आता बराच काळ झाला. रस्ता चढत गेला, भिंतीच्या रिंगा एकेक करून कमी झाल्या, आणि गल्लीचं पाणी एकदाही अडलं नाही. परवा शेवटची रिंग बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर नळ नुकताच आला होता आणि मामी पहिला हंडा कमरेवर घेऊन रस्त्यात निघाल्या होत्या. मी म्हणालो, “मामी, द्या इकडे, मी ओततो.”

“राहू दे,” त्या म्हणाल्या आणि वाकून नव्या सांध्याभोवती हळूहळू पाणी सोडू लागल्या. “आज याले पाजलं, तं...”

मी नुसता हंड्याला हात लावला.